कणगी आणि इरली : बुरूडकामातून घडलेली दोन शिल्पे, वर्षभराच्या वापरानंतर

पुण्याच्या बुरूड आळीत पिढ्यान्‌पिढ्या सुपे, टोपल्या आणि शिड्या विकणाऱ्या एका कुटुंबाने गेल्या काही वर्षांपासून बांबूची विणलेली शिल्पे करून देण्यास सुरुवात केली आहे. त्यांच्याकडून आम्ही दोन कामे करून घेतली. पहिले आमच्या घरातील जिन्याच्या पोकळीत टांगण्यासाठी होते आणि दुसरे आमच्या भागातील सार्वजनिक वाचनालयाच्या अंगणात मुलांना बसण्यासाठी. दोन्ही कामांवरून आता एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा जाऊन झाला असल्यामुळे त्यांच्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते. कुटुंबाचे नाव मी येथे देत नाही, कारण दुसऱ्या कामातील एक गंभीर उणीवही सांगावी लागणार आहे, आणि हातावर पोट असलेल्या घराचे नाव एका चुकीशी कायमचे जोडले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी मी गृहसजावटीच्या एका मोठ्या दालनात गेले होते. तेथे बांबूचे विणलेले दिवे आणि भिंतीवर लावायच्या कलाकृती होत्या, किमतीही भरपूर होत्या. पण एका कलाकृतीला मागून हात लावून पाहिला तेव्हा लोखंडी सांगाड्यावर विणलेल्या चटईचे तुकडे डिंकाने चिकटवलेले दिसले. बांबू कोणत्या जातीचा आहे आणि विणले कोणी, या दोन्ही प्रश्नांना तेथील विक्रेत्याकडे उत्तर नव्हते. विणकाम हे वस्तूचे हाड असते, तिच्यावर पांघरायचे कापड नव्हे, हे मला त्या दिवशी प्रथम स्पष्टपणे जाणवले, आणि पुढची सगळी निवड मी त्याच कसोटीवर केली.

आळीतील दुकान बाहेरून इतर दुकानांसारखेच आहे. दर्शनी भागात सुपे, रोवळ्या, परड्या, हारे आणि दुरड्या एकात एक रचलेल्या असतात, भिंतीला शिड्या टेकवलेल्या असतात, लग्नसराईत रुखवतासाठी रंगवलेल्या सुपल्या लटकतात. मागे गेल्यावर मात्र एक लांबलचक खोली लागते, जेथे ओल्या गोणपाटाखाली कामट्यांच्या, म्हणजे बांबूच्या सोललेल्या पट्ट्यांच्या, जुड्या ठेवलेल्या असतात आणि नुकत्याच फोडलेल्या बांबूचा गोडसर, किंचित आंबूस वास भरून राहिलेला असतो. काम तिघे करतात : चाळिशीचे मालक, त्यांचे धाकटे भाऊ आणि सत्तरी ओलांडलेल्या आई. आई आता बांबू फोडत नाहीत, पण कोणत्याही टोपलीचा काठ बांधण्याचे काम अजून त्यांच्याशिवाय कोणी करत नाही. भिंतीवर बसवेश्वरांच्या काळातील शिवशरण मेदार केतय्यांची तसबीर आहे. बाराव्या शतकात स्वतः बुरूडकाम करून जगलेल्या या संतांना बुरूड समाज आपले मानतो, आणि या घरात सकाळी पहिला बांबू फोडण्याआधी त्या तसबिरीला हात जोडले जातात.

पहिल्या भेटीत मी मोबाइलवर साठवलेली छायाचित्रे घेऊन गेले होते. त्यांत परदेशी हॉटेलांतील मोठमोठी विणलेली झुंबरे होती, पक्ष्यांच्या घरट्यासारखे आकार होते. मालकांनी ती शांतपणे पाहिली, पण तसे करून देतो असे ते म्हणाले नाहीत. त्यांच्या आईंनी माळ्यावरून गुडघ्याएवढी एक जुनी कणगी काढायला सांगितली. कणगी म्हणजे धान्य साठवायचे बांबूचे पात्र. तिचे पोट मोठे आणि तोंड अरुंद असते, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली ती पूर्वी घरोघरी कोपऱ्यात उभी असे. या कणगीचे लिंपण झडून गेले होते आणि नुसती वीण उरली होती. आई म्हणाल्या, “ताई, ह्याच्यात दाणे भरलेले असतात तेव्हा ही वीण कुणाला दिसत नाही. ही रिकामी टांगा आणि आत दिवा लावा.” माझ्या घरातील शिल्पाची कल्पना ही त्यांची आहे, माझी नाही, आणि हे येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

बांबूची निवड हा या कामाचा पाया आहे, आणि या बाबतीत मालकांनी दाखवलेली काटेकोर वृत्ती मला फार आवडली. मोठ्या आकाराच्या बाह्य कामट्यांसाठी त्यांनी कोकणातला माणगा वापरला, कारण तो सरळ वाढतो, त्याला काटे नसतात आणि बुंध्याकडे तो जवळजवळ भरीव असल्यामुळे त्याच्या जाड कामट्या ताण सोसतात. आतल्या बारीक विणीसाठी मात्र लांब पेरांचा कोवळा बांबू घेतला, कारण जून बांबूची कामटी वळवताना तडकते. मी समोर बसून पाहिले तेव्हा धाकटे भाऊ एक बांबू उभा धरून कोयत्याने त्याचे दोन भाग करत होते, दोनाचे चार, चाराचे आठ. आणि त्यानंतर सुरी हातात घेऊन प्रत्येक फाकेची पाठ पोटापासून सोलून वेगळी करत होते. बांबूच्या पाठीकडे धागे दाट असतात, म्हणून तिकडची कामटी चिवट आणि चकचकीत निघते. पोटाकडची भुसभुशीत असते व ती शिल्पाला चालत नाही, तिच्या स्वस्त टोपल्या होतात. सोलताना सुरी पुढे जात नव्हती, कामटीच सुरीवर ओढली जात होती. पेराची गाठ आली की हात थांबायचा. “तिथं जोर लावायचा नाही, ताई,” ते म्हणाले, “सुरी जरा फिरवायची, मग पेर स्वतःहून सुटतं.” कागदाहून थोडी जाड, बोटाच्या पेरापेक्षाही कमी रुंद आणि बारा हात लांब अशी एक कामटी एकदाही न तुटता त्यांच्या मांडीवरून उतरून जमिनीवर वेटोळे घालून पडली, तेव्हा खोलीत कोणी बोलत नव्हते.

विणीचा प्रकार षट्कोनी डोळ्यांचा आहे. तीन दिशांनी येणाऱ्या कामट्या एकमेकींच्या खालून-वरून जातात आणि मध्ये सहा बाजूंचा डोळा राहतो. या विणीत गाठ नाही, खिळा नाही, डिंक नाही, प्रत्येक कामटी दुसरीने जागच्या जागी धरलेली असते. अशी जाळी सपाटच राहणार असे मला वाटत होते. ती फुगते कशी, हे मी विचारले तेव्हा मालकांनी माझ्यासमोर एक वीतभर तुकडा विणला आणि एका जागी सहाऐवजी पाचच कामट्या फिरवल्या. डोळा पाचकोनी झाला आणि त्याच्याभोवतीची जाळी त्यांच्या तळहातावर आपोआप घुमटासारखी वर आली. मग दुसऱ्या जागी त्यांनी एक कामटी जास्त घातली, डोळा सातकोनी झाला, आणि तेथे जाळी घोड्याच्या खोगिरासारखी एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली वळली. कणगीच्या पोटाचा फुगवटा आणि मानेकडचा आत वळणारा बाक हे दोन्ही केवळ कोणत्या जागी किती कोनांचा डोळा ठेवायचा यावर ठरतात. आमच्या शिल्पात पाचकोनी डोळे मुख्यतः तळाशी आणि खांद्याशी आहेत, सातकोनी डोळे मानेखाली आहेत, आणि हे एकदा कळल्यावर मी आजही जिना चढताना ते शोधत असते. यासाठी त्यांनी ना आराखडा काढला ना साचा केला. आकार बोटांत होता. ज्याला आपण शिल्पकाराचे कौशल्य म्हणतो ते याहून वेगळे काय असते, याचे उत्तर मला तरी देता येत नाही.

घरातील काम पूर्ण झाले तेव्हा त्याची उंची साडेआठ फूट, पोटाशी व्यास साडेतीन फूट आणि वजन सुमारे सात किलो भरले. आत दोन पदरी वीण आहे : बाहेर माणग्याच्या रुंद कामट्यांची विरळ जाळी, आत बारीक कामट्यांची दाट जाळी, आणि दोहोंमध्ये चार बोटांची पोकळी. संध्याकाळी आतला दिवा लावला की दोन्ही जाळ्यांच्या सावल्या जिन्याच्या भिंतीवर एकावर एक पडतात आणि पायरीगणिक त्यांची नक्षी बदलत जाते. दिवसा उत्तरेकडच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात मात्र सावली नसते, केवळ बांबूचा रंग असतो, जो पहिल्या महिन्यात पोपटी पिवळा होता आणि आता पिकलेल्या गव्हासारखा झाला आहे. हा बदल आधी सांगितला होता आणि तो तसाच घडला.

काठ बांधण्याच्या कामाविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. कणगीच्या तोंडाशी सगळ्या कामट्यांची टोके एकत्र येतात, आणि येथेच हलक्या दर्जाचे काम उघडे पडते, कारण टोके दडवण्यासाठी सुतळी गुंडाळून किंवा खिळे मारून वेळ निभावून नेता येते. आईंनी प्रत्येक टोक आत वळवून, दोन जाड कामट्यांच्या कड्यांमध्ये धरून, पातळ चोयट्यांनी तिरपा टाका घालत तो काठ तीन दिवस बांधला. त्याला हात लावला तर कोठेही कूस लागत नाही. साडेआठ फुटांच्या वस्तूतील सर्वांत सुंदर चार बोटे तीच आहेत असे माझे मत आहे, आणि ती टांगल्यामुळे डोक्याच्या वर गेली याची मला थोडी हळहळ वाटते.

घरातील कामात दोन त्रुटी राहिल्या. सहा आठवड्यांत देतो म्हटलेले काम अकरा आठवड्यांनी मिळाले, आणि उशिराचे कारण मी तीनदा फोन केल्यावर कळले. छट पूजेसाठी लागणाऱ्या सुपांची मागणी आली की बाकी सर्व कामे थांबतात, हे त्यांनी आरंभीच सांगितले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती. दुसरी त्रुटी टांगण्याच्या कडीची होती. वरच्या आडव्या दांड्याला एकाच ठिकाणी तार बांधल्यामुळे शिल्प पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू फिरत असे व दिव्याच्या वायरीला पीळ पडत असे. कळवल्यानंतर मालकांनी स्वतः येऊन तीन ठिकाणी दोर बांधून ते स्थिर केले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. देखभाल सोपी आहे : पंधरवड्याने मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, वर्षातून एकदा कोरड्या फडक्याने जवसाचे तेल अगदी पातळ लावावे, आणि ओले फडके कधीही लावू नये.

या कामाची किंमत ४६,००० रुपये होती, आणि तिचा हिशेब त्यांनी मागितल्याशिवाय कागदावर लिहून दिला. बांबू ४,००० रुपये, टाकणखार (कीड रोखण्यासाठीचे बोरॅक्स) व तेल १,८००, वाहतूक व टांगणी ३,०००, दुकानाचा वाटा ३,०००, आणि राहिलेले ३४,२०० रुपये ही दोन माणसांच्या प्रत्येकी १९ दिवसांच्या कामाची मजुरी, म्हणजे दिवसाला ९०० रुपये. ज्या दालनातून मी परत आले होते तेथील चिकटवलेल्या कलाकृतीची किंमत याच्या दुपटीच्या आसपास होती. मी या कुटुंबाला प्रामाणिकपणे सांगितले, आणि येथेही सांगते, की हा दर कमी आहे. जे हात साच्याविना घुमट विणतात त्यांची मजुरी दिवसाला ९०० रुपये असता कामा नये. दुसऱ्या कामाच्या वेळी त्यांनी दर वाढवला तेव्हा वाचनालयाच्या समितीत थोडी कुरबूर झाली, पण तो वाढीव दर द्यावा यासाठी मी आग्रह धरला आणि आजही माझे तेच म्हणणे आहे.

दुसरे काम वाचनालयाच्या अंगणातील. येथेही आकार नवा शोधलेला नाही. कोकणात आणि मावळात भातलावणीच्या वेळी शेतकरी डोक्यावरून पाठीवर इरले घेतात. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्ये पळसासारखी रुंद पाने, असे ते असते. वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. अशी तीन प्रचंड इरली, सात फूट उंचीची, एकमेकांकडे पाठ करून उभी करायची आणि त्यांच्या आतल्या बाजूला मुलांनी पुस्तक घेऊन बसायचे, अशी कल्पना मालकांनी मांडली. समितीतील काही सदस्यांना कारंजे हवे होते. पण पहिले इरले उभे राहिले त्या दिवशी शाळा सुटल्यावर आलेली मुले कोणाला न विचारता त्यात जाऊन बसली, आणि त्यानंतर कारंज्याचा विषय कोणी काढला नाही.

इरल्याची वीण कणगीहून वेगळी आहे. षट्कोनी जाळीतून ऊन आणि पाऊस दोन्ही आत येतील, म्हणून येथे दोन कामट्या वर, दोन खाली अशी तिरपी सरकत जाणारी दाट वीण घेतली आहे, आणि त्यामुळे पाठीवर पायऱ्यांसारख्या रेषा उमटतात ज्या दुपारच्या कलत्या उन्हात फार ठळक दिसतात. दोन जाळ्यांमध्ये पानांऐवजी वाळ्याचा पातळ थर भरला आहे. उन्हाळ्यात ग्रंथपाल सकाळी त्यावर पाणी शिंपडतात तेव्हा संपूर्ण अंगणाला वाळ्याचा वास येतो, आणि आत बसल्यावर बाहेरच्यापेक्षा गारवा जाणवतो. सार्वजनिक जागेतील शिल्पाला लोकांनी हात लावावा, टेकावे, आत शिरावे, अशी इच्छा सगळेच व्यक्त करतात, पण बहुतेक ठिकाणी शेजारीच “हात लावू नये” अशी पाटी असते. येथे ती नाही, आणि एका वर्षात मुलांनी तोडलेल्या कामट्या मोजून चार आहेत.

तरीही उणीव राहिली, आणि ती लहान नव्हती. इरली मे महिन्यात बसवली. ती थेट मातीत रोवली होती आणि बांबूवर टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया केलेली असल्याने दोन पावसाळे काहीही होणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते. ऑगस्टमध्ये तिन्ही इरल्यांच्या बुडाशी बुरशीचे काळे डाग आले. ऑक्टोबरमध्ये पश्चिमेकडच्या इरल्याखाली सकाळी पिठासारखा पिवळसर भुसा पडलेला दिसू लागला, आणि बारकाईने पाहिले तेव्हा कामट्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोके होती. बांबूतील पिष्टावर जगणाऱ्या भुंग्याचे ते काम होते. चूक कोठे झाली हे नंतर स्पष्ट झाले. टाकणखाराची प्रक्रिया घरातील वस्तूंसाठी उत्तम आहे, पण ती क्षारे पाण्यात विरघळणारी असल्यामुळे उघड्यावर पडणाऱ्या पावसात हळूहळू धुऊन जातात, आणि मातीला टेकलेला असुरक्षित बांबू साधारण एक ते तीन वर्षांपलीकडे टिकत नाही. छपराखाली तोच बांबू चार ते सात वर्षे राहू शकतो. घरासाठी वापरलेली पद्धत त्यांनी जशीच्या तशी अंगणात वापरली, आणि दोन पावसाळ्यांची हमी देताना जो विचार करायला हवा होता तो केला नाही.

हे कळवल्यानंतर त्यांनी जे केले त्यावरून मी या कुटुंबाकडे पुन्हा काम देण्याचे ठरवले. चौथ्या दिवशी दोघे भाऊ आले, भुंगा लागलेले इरले उचलून घेऊन गेले, जेणेकरून कीड इतर दोघांत पसरू नये. उरलेली दोन उतरवून त्यांचे बुड छाटले आणि प्रत्येकाखाली वीतभर उंचीच्या दगडी जोत्यावर लोखंडी खुरे बसवून बांबू मातीपासून पूर्णपणे वर उचलला. तिसरे इरले नव्याने विणण्यासाठी थंडीत तोडलेला बांबू येईपर्यंत थांबावे लागले, कारण पावसाळ्यानंतर थंडीच्या महिन्यांत तोडलेल्या बांबूला भुंगा कमी लागतो हे त्यांना ठाऊक होते आणि या वेळी त्यांनी घाई केली नाही. त्यांनी मजुरी घेतली नाही, नवीन बांबूचा खर्च समितीने दिला. तीन महिने अंगणात दोनच इरली होती याचे वाईट वाटले, परंतु वरून पत्र्याचे साधे छप्पर घालावे ही त्यांची पहिल्या दिवसाची सूचना समितीने खर्चाचे कारण देऊन फेटाळली होती, हेही नोंदवले पाहिजे. आता ते छप्पर झाले आहे आणि या पावसाळ्यात अजून तरी डाग नाही.

बांबूचे शिल्प कायम टिकणार नाही, आणि ते टिकत नाही म्हणून त्याचे मोल कमी आहे असे मानणे मला चुकीचे वाटते. अमेरिकेत पॅट्रिक डॉगर्टी हे शिल्पकार झाडांच्या कोवळ्या फांद्या विणून माणसांना आत शिरता येईल अशी घरांएवढी शिल्पे उभी करतात, आणि ती साधारण दोन वर्षांनी काढून टाकली जाणार हे मागवणाऱ्या संस्थेला आधीपासून माहीत असते. जपानमध्ये तानाबे चिकुन्साय या बांबूकलावंतांच्या घराण्यातील चौथ्या पिढीचे कलावंत संपूर्ण दालन व्यापणारी शिल्पे विणतात. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही त्यांनी असे काम केले होते. प्रदर्शन संपले की ती वीण उसवली जाते आणि त्याच कामट्या पुढच्या शिल्पात पुन्हा वापरल्या जातात. जपानने १९६७ साली शोनो शोउन्साय या बांबू विणकराला राष्ट्राचा जिवंत ठेवा असा मान दिला. आपल्याकडे बंगळूरच्या विमानतळाचे २०२२ साली उद्घाटन झालेले दुसरे टर्मिनल बांबूच्या छतामुळे नावाजले गेले, आणि ते पाहताना मला खरोखर आनंद झाला. पण तेथे भार पोलाद पेलते आणि बांबू त्याला वेढून असतो. वाचनालयाच्या अंगणातील इरले आकाराने त्याच्यापुढे नगण्य आहे, मात्र ते स्वतःच्या विणीच्या बळावर उभे आहे, आणि मला तो फरक फार मोठा वाटतो.

नावाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी दोरखंडाला हाताने गाठी मारत माणसाहून उंच शिल्पे घडवली, आणि आज ती जगभरच्या संग्रहालयांत त्यांच्या नावाने उभी आहेत, ही अत्यंत योग्य गोष्ट आहे. त्याच न्यायाने कणगी आणि इरले विणणाऱ्यांचेही नाव त्यांच्या कामाशेजारी असायला हवे. वाचनालयात बसवलेल्या पहिल्या पाटीवर देणगीदारांची सात नावे होती आणि विणणाऱ्यांचे एकही नव्हते. ती पाटी बदलायला चार महिने आणि दोन बैठका लागल्या. नव्या पाटीवर सर्वांत वर आईंचे नाव आहे.

ज्यांना असे काम करून घ्यायचे असेल त्यांनी दिवाळीनंतर बोलणी सुरू करावीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला काम हाती येईल असे धरावे. बांबू कोणता, कधी तोडलेला, त्यावर कोणती प्रक्रिया केली आणि वस्तू घरात राहणार की उघड्यावर, हे लिहून घ्यावे. उघड्यावरची असेल तर ती मातीपासून वर आणि छपराखाली ठेवण्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे, २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढवलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्यापासून शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू आणणे त्यांना पुष्कळ सोपे झाले आहे, त्यामुळे विशिष्ट जातीचा आग्रह धरायला आता संकोच वाटू नये. पुण्यापासून दूर राहणाऱ्यांना कुडाळची कॉनबॅक ही बांबूकामाची संस्था, मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्र आणि चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र ही ठिकाणे चौकशीसाठी आहेत. पण आपल्या गावात बुरूड आळी असेल तर आधी तेथे जावे. साच्यातल्या वस्तूसारखी दोन कामे तंतोतंत सारखी हवी असतील, किंवा ठरलेल्या तारखेलाच हवी असतील, तर या दुकानाची मी शिफारस करणार नाही. बाकी सर्वांना आवर्जून करेन.

गेल्या आठवड्यात मी नवीन कामाची नोंदणी करायला गेले होते. या वेळी रोवळीच्या आकाराचे, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसणारे काहीतरी हवे आहे. भुंगा लागलेले ते पश्चिमेचे इरले मागच्या खोलीत अर्धे उसवलेले पडले होते. किडलेल्या कामट्या जाळून टाकल्या होत्या, आणि ज्या चांगल्या निघाल्या त्या आईंनी उन्हात वाळवून जुडी बांधून ठेवल्या होत्या. त्यांतल्या काहींची त्यांनी एक परडी विणली होती. “ही वाचनालयात द्या, ताई,” त्या म्हणाल्या, “पोरांच्या चिठ्ठ्या ठेवायला.” ती आता ग्रंथपालांच्या टेबलावर आहे, आणि तिच्या काठाला कोठेही कूस लागत नाही.